लॅमिनेट केलेला कागद

बिबवेवाडीत, दुसऱ्या मजल्यावर,
चपलांच्या ढिगापलीकडे काउंटर आहे.
काउंटरला काच, काचेला अर्धगोल भोक,
बोलायचं ते तेवढ्यातूनच.
मी वाकते. एकसष्टाव्या वर्षी
कंबर आधी वाकते, आवाज मागून येतो.

फॉर्मवर सहीच्या दोन रेघा.
एक तिची. एक पती किंवा पालक.
तृप्तीने आपली रेघ भरली आहे,
'खैरे'तला रे रेघेबाहेर चाललाय.
दुसरी कोरी.
"मिस्टरांना घेऊन या."

मिस्टर चाकणला, सेकंड शिफ्टला.
आणि इथे असते तरी
या पत्राचा पत्ता ते नव्हेत.

मी पिशवीतून कागद काढते.
कायदा. एकच पान, लागतं तेवढं.
पहिल्यांदा काढला तेव्हा सायक्लोस्टाइल होता,
बोटांना शाई लागायची.
मग झेरॉक्स. घडीवर फाटला, तीनदा.
मागच्या वर्षी अप्पा बळवंत चौकात
लॅमिनेट करून घेतला, वीस रुपये.
दुकानदार म्हणाला, आता याला काही होत नाही.
म्हटलं, याने तरी कुठे काही होतं.

"सज्ञान बाईची संमती पुरे,"
मी बोट ठेवून वाचते.
कागद कडक झालाय, भोकातून आत जात नाही.
काचेवर टेकवून धरते, ओळखपत्रासारखा.
ती म्हणते, आमची पॉलिसी आहे.
ती म्हणते, सर जेवायला गेलेत.

तिच्या मागे पाटी:
येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.
या पाटीसाठी आम्ही उभ्या होतो,
कुंदा, मी, अजून नऊ-दहा जणी,
अलका टॉकीजच्या चौकात,
आणि शेंगदाणे खात आम्हाला बघणारी गर्दी.
पाटी लागली.
आता त्याच पाटीच्या धाकाने
मेडिकलवाले गोळ्या ठेवत नाहीत.
धनकवडीपासून पद्मावतीपर्यंत
तृप्ती सात दुकानं फिरली.
पाचांनी नाही म्हटलं.
सहाव्याने विचारलं, कुणासाठी?
सातवा म्हणाला, ताई, घरी बोलून घ्या.
घरी बोलणं झालं होतं की.
एकाच बाजूने.

लोक म्हणतात, किती धीराच्या तुम्ही.
धीर कसला, कंटाळा आहे.
चाळीस वर्षं एकच वाक्य
तेवढ्याच सौम्य आवाजात म्हणण्याचा.
गॅसची रांग गेली, लाइटबिलाची गेली,
घरपट्टी मी अंथरुणात पडून भरते,
ही रांग आहे तिथेच.
कुंदा गेली. तिच्या तेराव्यालासुद्धा
एका मुलीने मला जिन्यात गाठलं.

आज काचेवर मूठ आपटायची होती.
पण मूठ आपटली की मी चक्रम म्हातारी होते
आणि तृप्तीचा नववा आठवडा दहावा होतो.
म्हणून हसते. म्हणते, सर येईपर्यंत बसू आम्ही.
आणि बसतो.

पावणेचारला सर येतात, बडीशेप चघळत.
कागदाकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात,
बहुधा ओळखतात.
"करून टाका यांचं," म्हणतात,
उदार माणसासारखे.

काउंटरवरची बाई दुसरी रेघ
निळ्या पेनाने खोडते.
मग मान वर न करता, हळूच:
"हा कागद कुठे मिळतो?"
"कुणासाठी?" मी विचारते
आणि जीभ चावते.
ती पुढच्या पेशंटचं नाव पुकारते.

स्वारगेटला तृप्तीने दोन वडापाव खाल्ले,
मिरची माझ्या पुड्यात टाकली.
उद्या साडेसातला, उपाशीपोटी यायचंय.
म्हणाली, तुम्ही नाही आलात तरी चालेल.
कागद तेवढा द्या.

मी पिशवी मांडीवर ओढली.
का ओढली, माहीत नाही.
बस आली, दारात रेटारेटी सुरू झाली,
तेव्हा कुठे दिला.
एका कोपऱ्यातून प्लास्टिक सुटायला लागलंय,
हे सांगायचं राहिलं.

घरी येऊन दोनदा पिशवी उघडून बघितली.