अजून एक आटा

दांतोक्पा बाजारामागच्या गल्लीत
तेलकट फळीवर दोसूने तीन लिव्हर मांडले.
"हा नवा. चकाकतो, पण गाडी पडली की मोडेल.
हा लांब, चार बोटांचा.
आणि हा उतरवलेला, वाकडा.
हा वाकतो, तुटत नाही."

अफियावीच्या अंगात भावाचा पिवळा सदरा,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
गाडीही त्याचीच.
क्लचवर त्याच्या दोन बोटांनी
सात वर्षांत पाडलेली खळगी,
तिथवर तिची बोटं पोचत नाहीत.

नवा लावून पाहिला. लांबच.
दोसूने केबल सैल केली.
"नाण्याच्या जाडीएवढी मोकळीक हवी.
फार ताणलं की क्लच जळतो.
दाब."
अजून एक आटा.
"दाब."

शेवटी बसला तो वाकडाच.
कुणीतरी कुठेतरी आपटलं होतं,
म्हणून तो मुठीकडे झुकलेला,
नेमका तिच्या हाताला येईल इतका.

"जुन्याचे भंगारात दोनशे फ्रँक देतो."
ती बोलली नाही.
खिसा एका बाजूने लोंबू लागला.

गाडी दोनदा बंद पडली.
दोसू फळी पुसत राहिला,
मुद्दाम पाठ करून.