दुसरा खेळ

आम्ही उशिरा पोचलो. डलूथला मार्चमध्ये
गाडी लावायची म्हणजे आधी फावडं काढावं लागतं.
टेसा म्हणाली, "काही बिघडत नाही, आजी, जुन्या सिनेमात
पहिली दहा मिनिटं नुसत्या टोप्या आणि जिने असतात."

खरं होतं तिचं. आत शिरलो तेव्हा
तो जिन्यावर होता, टोपी हातात,
आणि ती पियानोपाशी.

सत्तावन्न साली हा सिनेमा मी इथंच पाहिला,
बाल्कनीत, तीन वेळा.
सतरा वर्षांची होते, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी,
डोक्यावर हेडफोनची पट्टी,
अख्ख्या सरोवराकाठची माणसं
एकमेकांना जोडून द्यायचे मी.

पडद्यावर गाडी धावते आहे.
मागचा डोंगर वेगळ्याच वेगानं पळतो.
रस्ता सरळ, तरी तो स्टिअरिंग उगाच हलवत राहतो.
पोरं हसली. मीही हसले.
तेव्हा मला तो डोंगर खरा वाटला होता.

मग तो प्रसंग. ती म्हणते, नको.
पुन्हा म्हणते, नको.
तिसऱ्यांदा म्हणायच्या आत तो तिचं मनगट धरतो
आणि व्हायोलिनं सुरू होतात, चाळीस तरी असतील.
मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, सोड तिला!"
पुन्हा हशा.
माझा उजवा हात मात्र आपोआप मांडीखाली गेला.

बंदरावर, खनिजाच्या धक्क्याशी,
आर्वोनं अगदी असंच धरलं होतं.
जहाजाचा भोंगा वाजत होता,
मी संगीताची वाट बघत होते.
वाईट नव्हता तो. एकेचाळीस हिवाळे
माझ्या बुटांतला बर्फ झटकून ते शेगडीपाशी ठेवायचा.
पण प्रेम कसं करतात हे त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं;
तोही इथंच शिकला,
तिसऱ्या वेळी, माझ्या शेजारच्या खुर्चीवर.

नायक पियानोचं झाकण पाडतो. "आता हे पुरे."
शिकागोची तिची मैफल त्या एका आवाजात मिटते.
आम्ही मुलींनी तेव्हा केवढा सुस्कारा टाकला होता!
जूनमध्ये आर्वोनं माझी नोकरी याच शब्दांत बंद केली.
मला आधी त्याच्या आवाजातला नट ऐकू आला,
अर्थ नंतर.

स्वरलिपीचे कागद जमिनीवर पडतात.
उचलायला मोलकरीण येते, काळी, पांढऱ्या एप्रनची.
तीनदा पाहूनही ही बाई मला आठवत नव्हती.
ती एक पान उचलते आणि थांबते.
डोळे ओळीवरून सरकतात,
एप्रनवर बोटं किंचित हलतात,
वाजवणाऱ्याचीच हलतील तशी.
दिग्दर्शकानं सांगितलं असेल? मला नाही वाटत.
मग "होय, मॅडम." मग दार. मग ती नाही.

शेवटी फलाट, धूर, तिचं धावत येणं.
मला सगळं कळत होतं आणि तरी मी रडले.
"आजी?"
"पॉपकॉर्नचं साल अडकलंय दातात," मी म्हटलं.

दिवे लागले. टेसा फोनवर शोधत बसली.
नायक सापडला, नायिका सापडली, तिचे चार घटस्फोट,
फरचा कोट शिवणारासुद्धा.
"आणि ती?" तिनं विचारलं. नाव नाही घेतलं,
घेणार कुठलं?

जुन्या सिनेमात नावं आधीच दाखवून टाकतात,
शेवटाला नुसतं समाप्त.
म्हणून सातच्या खेळाची तिकिटं काढली,
दोन म्हातारीच्या पेन्शनमधून, फक्त नावांसाठी.

नावं आली. वेशभूषा, केशभूषा,
पियानो पुरवणारी कंपनी,
कुत्र्याचंही होतं.
तिचं नव्हतं.

मी पर्स उचलली. "चल."
"थांब ना," टेसा म्हणाली.

पडद्यावर बंद दार. बाहेर गाडी उभी,
नायिका अजून हातमोजे काढत उतरते आहे.
आत कुठेतरी कुणीतरी पियानो वाजवत होतं,
चांगलं वाजवत होतं.
घंटी वाजली. सूर मध्येच थांबला.
पावलं आली,
आणि एप्रनला हात पुसत
दार तिनं उघडलं.