काही नाही

घरापासून त्रिएस्ते पंधरा किलोमीटर.
द्राक्षमळ्यामागची टेकडी चढलं
की रात्री त्याचे दिवे दिसतात,
कुणीतरी घाईत निखारे सांडून गेल्यासारखे.
वीस वर्षं आम्ही तिथे जात होतो
आणि शहर पाहिलं नव्हतं.

जायचो ते पोंतेरोस्सोच्या बाजारात.
आमच्या देशाचं नाव तेव्हा वेगळं होतं
आणि आमच्याकडे जीन्स मिळत नसत.
बाजारातली ती जाड बाई पँटची कंबर
माझ्या गळ्याभोवती गुंडाळून बघायची:
टोकं मागे जुळली की माप बरोबर.
येताना मी तीन जीन्स एकावर एक घातलेल्या,
भर ऑगस्टात,
आणि वोइकोच्या कोटाच्या अस्तरात दोन किलो कॉफी.
अख्ख्या बसला वास. अख्खी बस निरागस.
नाक्यावर शिपाई विचारायचा, काही दाखवायचंय?
वोइको म्हणायचा, काही नाही.
मी बदकासारखी चालत पुन्हा जागेवर.

मग दुकानं आमच्याच गावात आली
आणि जाणं संपलं.

लग्नाच्या वाढदिवसाला त्याशाने
दोन रात्रींच्या हॉटेलचे पैसे परस्पर भरून टाकले.
वोइको आठवडाभर कुरकुरत होता:
पंधरा किलोमीटरवर झोपायला जायचं?
घरचा पलंग मोडलाय का?
कोंबड्यांचं कोण बघणार?
अल्बीनाला किल्ली दिली. दोनदा बजावलं.

नाक्यावर एक पोरगा, गणवेशातला,
फोनवर बोलता बोलता त्याने हातानेच बसला जा म्हटलं.
वोइकोचा हात मात्र कोटाच्या आत गेला होता,
अस्तर चाचपत.

शहरात पोचल्यावर पहिल्यांदा मान वर केली.
खिडक्यांच्या वर दगडी चेहरे,
दाढीवाले, गाल फुगवलेले,
एक बाई तर चक्क जांभई देतेय असं वाटलं.
म्हणजे हे सगळे तेव्हाही वरून बघत होते,
आणि आम्ही खाली मोजे निवडत होतो.

कॅफेत मी मनात जुळवून जुळवून
इटालियनमध्ये दोन कॉफ्या मागितल्या.
वेटरने आमच्याच भाषेत विचारलं,
साखर हवी का?
त्याची आई तोमायची निघाली.
वोइको एकदम हळू आवाजात बोलायला लागला,
तेव्हा बोलायचो तसा,
आणि मग लक्षात येऊन
उगाच मोठ्याने.

धक्क्यावर वाऱ्याने त्याची टोपी नेली.
बोरा म्हणतात त्याला, आमच्याकडूनच उतरतो तो,
आमच्या पठारावर रात्रभर कौलं मोजतो
आणि इथे येऊन परक्यासारखा वागतो.
टोपी पाण्यावर बराच वेळ तरंगली.
नवी होती. मी म्हटलं, जाऊ दे.
तो टकलावर हात ठेवून इतका हसला
की एक कुत्रा भुंकायला लागला.

पोंतेरोस्सोला आता खुर्च्या आहेत, छत्र्या आहेत,
गॉगल लावलेले लोक केशरी पेयं पितात.
वोइकोने पावलं मोजली,
कालव्यापासून सोळा, मग डावीकडे तीन.
इथे होती ती बाई, म्हणाला,
आणि आपला मफलर काढून
माझ्या गळ्याभोवती गुंडाळला, टोकं मागे जुळवली,
जुळेनात.
"एक नंबर मोठा लागेल," तो म्हणाला,
अगदी तिच्यासारख्या मोडक्यातोडक्या बोलीत.
एक छोटी मुलगी आमच्याकडे बघत राहिली.

रात्री हॉटेलच्या खिडकीतून
पठाराची काळी कड.
घर तिच्या पलीकडे, दिसणं शक्यच नव्हतं.
तरी वोइको अर्धा तास बोटाने दाखवत होता,
तिथे, नाही, जरा उजवीकडे,
आणि अल्बीनाने खुराडं लावलं असेल का.

परतताना अर्धा किलो कॉफी घेतली.
दुकानात, पावती घेऊन, पिशवीत.
पिशवी माझ्या मांडीवर होती,
नाका जवळ आला
तशी ती हलकी झाली.
मी बघितलं नाही.
चौकीत कुणीच नव्हतं.
त्याच्या कानाशी वाकून मीच विचारलं,
काही दाखवायचंय?

समोर बघत, तोच जुना चेहरा करून,
काही नाही, वोइको म्हणाला.