आटे

अमळनेर, चोपडा नाका, वैशाखातली दुपार.
कुत्रंसुद्धा सावली बदलायला उठत नाही
आणि मी जीपखाली उताणा, पाठीला पोतं,
नाकासमोर चेंबरचा बोल्ट.

सहा कोपरे होते त्याला कधीकाळी.
आता बोट फिरवलं तर
चोखून थुंकलेल्या बोराची बी.
पाना बसतो, धरलं असं वाटतं,
आणि सटकून बोटं चासीवर.
तीनदा.
चौथ्यांदा शिवी दिली,
ती इंजिनला लागून माझ्याच तोंडावर पडली
गंजाच्या भुग्यासकट.

ही काळी-पिवळी आता धड काळी नाही, धड पिवळी नाही.
सोळा वर्षं चोपड्याच्या फेऱ्या,
नवाच्या जागेत सतरा,
टपावर वांग्यांची पोती, एकदा एक गाभण शेळी.
तापीचा पूल आला की सगळे आपोआप गप्प व्हायचे,
का, ते कधी कळलं नाही.
दोन उन्हाळे तेल बदललेलं नाही.
का, ते बोल्टला माहीत होतं
आणि मला.

हिलाल मिस्तरी आला,
चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची.
खाली सरकला, टॉर्च दातात धरली
आणि कितीतरी वेळ काही केलंच नाही.
नुसतं वाचत पडला.
मग टॉर्च काढून म्हणाला,
"हाई छिन्नीनं. हाई पाइपपानानं.
आनि हाई कोनी कयं?"

"क्लीनर होता ना, रतिलाल," मी म्हणालो.
रतिलाल आता सुरतेला, साड्यांच्या घड्या घालतो.
तेव्हाही मी हेच म्हणालो होतो, चारचौघांत,
आणि पगारातून दोनशे कापले होते.
तो काही बोलला नव्हता.
पान्यांची पेटी पुसून जागेवर ठेवली
आणि रात्रीच्या पॅसेंजरने गेला.

हिलालने पोकर घेतला,
बोल्टच्या बगलेतून काहीतरी खरवडून काढलं:
पातळ पत्र्याची पट्टी, दुमडलेली,
तिच्यावर अर्धं फूल, हिरवं.

माझ्या खिशातल्या चुन्याच्या डबीला झाकण नाही.
डबीवर उरलेलं अर्धं फूल आहे.

एकोणिसाचा पाना सापडत नव्हता त्या रात्री,
म्हणून एकविसाचा, फटीत झाकणाचा तुकडा,
दांड्याला हात-दीड हात पाइप.
आणि उताणं पडलं की डावं-उजवं फिरतं हो माणसाचं.
मी सोडवतोय असं समजून
अर्धा तास आवळत होतो.

हिलालने पट्टीकडे पाहिलं,
मग माझ्या खिशाकडे,
आणि पट्टी बॉनेटवर ठेवली, सुट्या पैशांशेजारी.

मी पाइप उचलला तसा म्हणाला,
"ठेव. जोर नही लागत भाऊ, धग लागस."

शब्बीर वेल्डिंगची पेटी घेऊन आला.
ओलं पोतं, वाळूची बादली.
गोल डोक्यावर नवा नट ठेवला
आणि निळं पेटलं.
मी नाक्याकडे तोंड केलं,
तरी पापणीच्या आत तो ठिपका किती वेळ नाचत होता.

मग लाल उतरेपर्यंत थांबायचं.
हिलालने बिडी ओढली, निम्मी.
मी तंबाखू मळावी म्हणून डबी काढली
आणि परत ठेवली.

कुर्रर्र.
एवढंच. गाडीचं दार उघडतं
त्याहूनही लहान आवाज.
पाव फेरा. अर्धा. मग बोटांनीच.
घमेल्यात तेल आलं,
आधी थेंब, मग काकवीसारखी जाड काळी धार,
तिला जळक्या केसांचा वास,
आणि ती संपता संपेना.

नवा बोल्ट, तांब्याचं वायसर.
बोटांनी लावला, मग मनगटाचा एकच हिसका.
"बस," म्हणाला.

"आणखी थोडा," मी म्हणालो.
तळहात शिवशिवत होता.
खाली हात घातला पाइपसाठी,
तर त्यावर हिलालचा पाय,
फाटकी चप्पल, अंगठ्याला पट्टी,
आणि तो रस्त्याकडे बघत होता,
जणू पाय ठेवायला तीच एक जागा होती.