दोरी

डेपोच्या फळ्यावर दोन कागद लागले,
एकाच दिवशी, एकाच सहीचे.
डिझेल वाचलं तर ड्रायव्हरला भत्ता.
तिकिटं वाढली तर कंडक्टरला.
शालिक काळबांडे म्हणाला, बरं झालं ना बाप्पा,
पोरीच्या नर्सिंगची फी निघते.
मीही मनातल्या मनात छपराच्या टिना मोजल्या.

अकरा वर्षं आर्वीहून आमची मुक्कामी गाडी.
एका डब्यातला झुणका,
अन् घंटी त्याच्या कानाआधी पायाला कळायची.

आता रस्त्यावर हात दिसला
की मी दोरी ओढतो : अठरा रुपये,
सोबत तुरीचं पोतं असलं तर लगेज वेगळं.
तो आरशातून माझ्याकडं पाहतो :
पुन्हा पहिला गिअर, पुन्हा दुसरा, पुन्हा धूर.
चढावर कोणी उभं असलं
तर गाडी पार माथ्यावर नेऊन थांबवतो.
म्हातारी धापा टाकत मागून येते,
शिव्या मला.

उतारावर तो गाडी न्यूट्रल सोडू लागला.
मी तिघांच्या बाकावर चौथा कोंबू लागलो.
वजन वाढते, तो म्हणाला.
वजनच तर विकतो आपण, मी म्हणालो.
त्या दिवसापासून डबे दोन.

महिना भरला. त्याला चारशे दहा, मला तीनशे ऐंशी.
चहा ज्यानं त्यानं आपापला प्याला.

राहता राहिल्या खडकी फाट्यावरच्या पोरी.
सात. निळ्या ओढण्या. पासवाल्या.
थांबलं तर त्याचं डिझेल जाते,
थांबलं तर माझ्या पेटीत छदाम पडत नाही.

सोमवारी फाटा आला.
माझा हात दोरीकडं गेला नाही.
त्याचा पाय ब्रेकवर गेला नाही.
ठरवलं नव्हतं बरं काही.
सातही हात वर,
मग मागच्या काचेत नुसता फुफाटा.
किती महिन्यांनी गाडी अशी चालली,
न बोलता, एका मतानं.

रात्री मुक्कामाला, मागच्या सीटवर आडवा होत
शालिकनं विचारलं,
पेपर होता का रे त्या पोरींचा आज?
म्हटलं, काय माहीत.
मी चिल्लर मोजत होतो. दोनदा चुकलो.

मंगळवारी फाटा यायच्या कितीतरी आधी
मी दोरी ओढली.
त्याचा पाय आधीच ब्रेकवर होता.
फाट्यावर तिघीच होत्या.
त्यांनी हात वर केले नव्हते.