घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न

वरच्या मजल्यावरचा पाडवी
दीपनगरची रात्रपाळी करून आला,
बूट हातात घेऊन जिन्यात थांबला, म्हणाला,
काकू, वर्षाचं भाडं लाखावर गेलंय,
ऑफिसात मालकाचा पॅन द्यावा लागतो.

यांनी कपाट उघडलं, गालात सुपारी,
आपलं कार्ड काढून दिलं.
मालक म्हटल्यावर
दुसरं कुणाचं नाव सुचतं का या घरात?

नऊ वर्षं भाडं रोख.
पाच तारखेला, तुरीच्या डाळीच्या डब्यात.
पाहुण्यांत वरच्या मजल्याचा विषय निघाला
की हे खोकायचे.
भुसावळ ते इगतपुरी आख्ख्या मालगाडीला
हिरवा झेंडा दाखवलेला गार्ड,
पेपरात धाडीची बातमी आली
की रात्री दोनदा उठून कडी बघायचा.

पाडवीने घाई केली म्हणून जामनेर रोडला गेलो.
फिरके मॅडमचं ऑफिस,
कूलरमध्ये पाणी नाही, नुसता खडखडाट.
उतारा आणलात?
बोट कागदावरून खाली सरकत गेलं
आणि माझ्यावर थांबलं.

लीलावती मुरलीधर बऱ्हाटे.

हिंगोण्याच्या केळीतला माझा वाटा
भावाने कुरकुर न करता दिला, त्याचा हा प्लॉट,
त्याच पैशातले हे दोन मजले.
मीच विसरले होते.
खरेदीच्या दिवशी सही केली
आणि रिक्षा करून घरी आले,
सोळा माणसांच्या भरताची वांगी भाजायची होती.

मॅडमनी मांडलं.
नऊ हजार गुणिले बारा.
वजा वरच्या मजल्यापुरती घरपट्टी,
भरली असेल तीच, नुसती आलेली नाही.
राहिलं त्यातून शंभराला तीस सूट,
दुरुस्तीची, झिजेची.
मी पिशवीतून गच्चीच्या पांढऱ्या रंगाची चिठ्ठी काढली.
बिल लागत नाही, म्हणाल्या,
रंग द्या नाहीतर देऊ नका, तीस म्हणजे तीस.

म्हणजे घर झिजतं हे सरकारला ठाऊक आहे.
पुरावा मागत नाही.
मी गुडघ्यांवर पदर ओढून घेतला.

आणि खालचा मजला?
तिथे तुम्ही स्वतः राहता ना.
त्याचं वार्षिक मूल्य शून्य.

जिथे सासऱ्यांना दोन वर्षं
कुशीवर वळवलं, दर तीन तासांनी.
जिथे पंचेचाळीसच्या उन्हात
कळण्याच्या भाकरी थापल्या, स्टोव्हचा आवाज
आणि मागून गाड्यांचा.
मॅडमनी तो शून्य नीट गोल काढला,
तव्याएवढा दिसला मला.

शेवटी बाहत्तर हजार सहाशे साठ.
हे तुमचं उत्पन्न, काकू.
दुसरं काही नाही तुमच्या नावावर,
तेव्हा कर काही बसत नाही.
तरी रिटर्न भरून टाका, नोंद राहते.

हे पुढे झुकले. मागची नऊ वर्षं?
तेव्हाही ते यांचंच होतं, मॅडम म्हणाल्या,
आणि भाडं तर याहून कमी.

बाहेर रसवंतीपाशी हे बराच वेळ उभे.
रस सांगितला, प्यायला नाही.
जे लपवलं ते कुणी मागितलंच नव्हतं,
आणि यांचं नव्हतं.
मला हसू आलं. मग आलं नाही.
डब्यातल्या नोटा दर महिन्याला
मीच मोजून यांच्या हातात देत होते.

संध्याकाळी पाडवी पावतीला आला.
रुपयाचं तिकीट जिभेला लावून चिकटवलं,
सही केली. सवय नाही,
'बऱ्हाटे' तिकिटावरून खाली उतरलं.
यांनी पावती वाचली, दोनदा,
गाडी सुटायच्या आधी वाचावी तशी.

पाडवी म्हणाला, आता खात्यावरच टाकतो, काकू,
नंबर सांगा.
हे माझ्याकडे बघायला लागले.
पेन्शनचं खातं यांचं.

उघडावं लागेल, मी म्हणाले.
उद्या.
आज पीठ मळून ठेवलंय.