आखूड पत्ते

मोन्तेविदेओत तेव्हा सगळ्यांनाच
आखूड बोलायचं वेड लागलं होतं.
एकशे चाळीस अक्षरं. त्यातच मोकळी जागा, स्वल्पविराम,
उसासा टाकायचा तर त्याचे तीन टिंबही.

ग्रासिएला बिदेगाइनचा बाप साल्तोच्या तार ऑफिसात
शब्द मोजून पैसे घ्यायचा.
'आई गेली लगेच ये.' चार शब्द.
तो खिडकीतून हळूच म्हणायचा, 'लगेच' कशाला?
आई गेल्यावर उशिरा कोण येतं?
आणि एका शब्दाचे पैसे परत करायचा.
त्याची मुलगी ती. तिलाच सुचणार.

लोक बातमी सांगायला जायचे, तर बातमीचा पत्ताच हातभर.
पाहुण्यापेक्षा बोचकं मोठं, पंगतीत बसणार कुठे?
आम्ही बोचकं ठेवून घ्यायचो
आणि हातात सहा अक्षरांचा बिल्ला द्यायचो.
बिल्ला दाखवा, सामान समोर.
एवढाच धंदा.

चांभाराच्या दुकानावरची खोली. खिळे ठोकल्याचा आवाज पायांतून वर यायचा.
कडू पाल्याचा काढा, एकच तुंबा, एकच नळी,
आळीपाळीनं.
पहिल्या दिवशी एकोणीस बिल्ले गेले. त्यातले सहा माझ्या बहिणीनं नेले होते.

मग पलीकडे चिलीत जमीन हलली.
त्या पहाटे आकडा वाचायला आम्हाला वेळ नव्हता.
कुठला पूल उभा, कुठला पडला, कुणाला कुठलं रक्त,
नावं, नावं, आडनावं नसलेली नावं.
सर्व्हर तापला, तेव्हा ग्रासिएला टेबलफॅन उचलून
त्याच्या तोंडासमोर धरून उभी राहिली,
तापातल्या पोराला वारा घालावा तशी, उजाडेपर्यंत.

ज्यांच्या ओसरीवर आम्ही दुकान थाटलं होतं
त्यांनी वर्षभरात स्वतःचीच कात्री काढली.
पत्ते आपोआप आखूड व्हायला लागले, फुकट.
आखूडशिंगी, बहुदुधी, आणि मालकाच्याच गोठ्यातली.
मी साओ पावलोला नोकरी धरली.
बस सुटेपर्यंत बरंच काही बोलत राहिलो.
ती म्हणाली, "बरं."

तेरा वर्षं झाली.
दर मार्चला ती त्या नावाचं भाडं अजून भरते.
नाही भरलं, तर एका रात्रीत चार लाख बिल्ले
नुसती अक्षरं होतील.
मी हिशेब मांडून पाठवला: दहातले सात पत्ते पलीकडूनच मेलेत.
वर्तमानपत्रं बुडाली, फोटोंची दुकानं मिटली,
सामानच चोरीला गेलं, ग्रासिएला,
बिल्ले कुणासाठी सांभाळतेस?

उत्तरात तिनं एक बिल्ला पाठवला.
के सात आर एम दोन क्यू.
दर गुरुवारी रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
कुणीतरी हा दाबतं. वर्षानुवर्षं.
पलीकडे पान नाही. पूर्ण पत्त्याच्या शेपटीत
एवढंच वाचता येतं:
सापडलेले, पान चार.

यंत्र असेल, मी लिहिलं. दारोदार कड्या हलवून बघत फिरणारं,
बिनडोक, बिनपगारी.
असेल, म्हणाली.

या जूनमध्ये तिनं त्या रिकाम्या जागी एक ओळ लिहिली.
काय लिहिलंस?
सांगत नाही.
मोजलीस तरी?
नाही.

गुरुवारी तीन दहाला दाबलं गेलं.
मग तीन बाराला.
मग तीन एकवीसला, पुन्हा.
यंत्र असं करत नाही, असं मी तिला लिहिलं
आणि पाठवायच्या आधी खोडलं,
कारण करतं कधी कधी. मला ठाऊक आहे,
माझं पोट त्यावरच चालतं.

येत्या मार्चचं अर्धं भाडं मी पाठवलं.
निरोपाच्या रकान्यात बँक वीस अक्षरं लिहू देते.
अठरा उरली.